ऑर्किडला घातलेलं पाणी

शिर्डी,
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६. दुपारचे पावणेतीन. आत्ताच ऑर्किडची पानं ओल्या फडक्यानं पुसली, हात धुतले आणि लिहायला बसलो.

प्रिय आईस महेंद्रचा सविनय जयभीम.

मी बरा आहे. हॉटेलातलं जेवण वेळेवर मिळतं. भारतीताईचा पाय कसा आहे ते कळव. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. अक्षर मोठं काढलं आहे, तुझी तू वाच. कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

लॉबीतलं झाड चांगलं आहे. हे आधी सांगतो.

त्याला आता फुलं नाहीत. पण ती तुझ्यामुळं गळाली नाहीत. तू दिवाळीनंतर आलीस तेव्हा त्याचा बहर संपतच आला होता. ऑर्किडची फुलं दोन-अडीच महिने टिकतात, मग एकेक सुकून पडतात. राधाकृष्ण सुपरवायझरला हे माहीत नव्हतं. मी तेव्हा तिसऱ्या मजल्यावर चादरी बदलत होतो. खाली आलो तर तू निघून गेली होतीस, आणि तो सगळ्यांना हसत सांगत होता, "महेंद्रची आई म्हनती, तहान लागलीय ह्याला, दिसंना व्हय तुमाला? आन् वतली की आख्खी बाटली! मी म्हनलं, मावशी, हे काय ज्वारीचं रान हाय? फुलं झडली, आता भरून द्या."

तू ते खरं धरलंस. वस्तीवरच्या सुनीलच्या हाती पाचशे रुपये पाठवलेस. त्या दिवसापासून बोलली नाहीस.

आई, उरलेलंही सांगतो. मला अर्धं सांगता येत नाही. पाण्यानं फुलं गेली नाहीत, पण मुळं कुजली. बाहेरची पांढरी कुंडी शोभेची, तिला खाली भोक नाही. खरी कुंडी तिच्या आत असते. पाणी तळाला साचलं आणि इथं कुणाच्याच लक्षात आलं नाही. एक पान पिवळं पडलं तेव्हा मी झाड काढून पाहिलं. मुळं हाताला लिबलिबीत लागली.

मालकीणबाई माधुरी मॅडम म्हणाल्या, "टाकून दे, दुसरं आणू." फुलं गेली की इथं झाड टाकतातच. मी म्हणालो, "मॅडम, मला द्या. जगलं तर परत इथंच ठेवा." कुजलेली मुळं कात्रीनं कापली, कापल्या जागी दालचिनीची पूड लावली, नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांत झाड बसवलं. फुलांचा सुकलेला दांडाही कापला. मुळं चंदेरी दिसली की पाणी द्यायचं, हिरवी असली की नाही. मी येता-जाता बघायचो.

आता नवं मूळ फुटलं आहे! टोक हिरवंगार. मॅडमनी चष्मा लावून पाहिलं आणि लॉबीतली सगळी झाडं माझ्याकडं सोपवली. फुलं गेली म्हणून यापुढं एकही टाकायचं नाही, असंही म्हणाल्या.

राधाकृष्ण म्हणाला, "आईला कळीव. पन बाटली आनू नगं म्हनावं."

सगळे हसले. मी नाही हसलो. मी म्हणालो, "ती बाटली तिच्या परतीच्या प्रवासाची होती. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर आला तरच हंडा भरतो. तिनं स्वतःचं पिण्याचं पाणी झाडाला घातलं आणि जामखेडपर्यंत कोरड्या घशानं गेली. तुम्ही रोज त्याच्याजवळून जाता. तुम्हाला कधी वाटलं, त्याला तहान लागली असेल?"

तो म्हणाला, "लई बोलाया लागला की रं!" पण नंतर त्यानंच मला चहा आणून दिला.

आई, माझा आवाज एवढा मोठा कधी निघाला नव्हता. तू ऐकायला हवी होतीस.

फोन उचल. आणि ये. मागच्या दारानं नको, पुढच्या दारानं ये. झाड तिथंच ठेवलं आहे.

तुझा मुलगा असल्याचं सगळ्यांना सांगणारा,
महेंद्र

ता. क. हिशोब: सोडणाचे तुकडे ६० रुपये, आतली प्लॅस्टिकची कुंडी ४५. दालचिनीचे पैसे आचाऱ्यानं घेतले नाहीत. एकूण १०५, माझ्या पगारातून दिले. तुझे पाचशे या पत्रासोबत सुनीलच्या हाती परत पाठवले आहेत, मोजून घे. तुझ्याकडं कुणाचंही काही निघत नाही.