तारेवरून सरपटणारं बोट

बाबा, आज दुपारी स्टुडिओत एक गिटारवादक आला होता. वाजवतो सुरेख, पण हात एका जागेवरून दुसरीकडे गेला की बारीक 'चीं' उमटते. गिटारच्या जाड तारांवर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते, तिच्या वेढ्यांवरून बोट घासलं की हा आवाज येतो, हे मी तुम्हाला कितीदा तरी सांगितलं होतं. माझा सहकारी म्हणाला, "राहू द्या मॅडम, नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकू." मी नको म्हटलं. माईक गिटारच्या मानेकडून काढून खाली पोटाकडे वळवला, हेडफोन उतरवून ठेवला आणि त्या वादकासमोर स्टूल घेऊन नुसती त्याची बोटं बघत बसले. संध्याकाळपर्यंत त्याची चीं गेली. हे कुठे शिकलात, असं लोक विचारतात. मी सांगते, जयपूरला, शास्त्री नगरात, आमच्या स्वयंपाकघरात. त्यांना ती थट्टा वाटते.

विमा कंपनीतल्या तुमच्या बदलीमुळे आपण सांगलीहून तिथे गेलो, तेव्हा मी नुकती कॉलेजात जायला लागले होते. तुम्ही चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, वाद्यांच्या दुकानातून मला गिटार आणून दिलीत. "सतार तरी आणायची," आई म्हणाली. "तिला सतार नकोय," तुम्ही म्हणालात आणि तो विषय संपला. दुसऱ्या वर्षी रेडिओच्या तरुणांसाठीच्या कार्यक्रमाने कॅसेट मागवल्या. पसंत पडली तर केंद्रावर बोलावणार होते. मला तिथे जायचंच होतं. बाहेरच्या खोलीत रस्त्यावरच्या स्कूटरींचा आवाज यायचा म्हणून रविवारी दुपारी आपण स्वयंपाकघरात रेकॉर्डिंग करायचं ठरवलं. घुमू नये म्हणून आईने दाराखिडक्यांवर रजया टांगल्या. मे महिना, पंखा बंद, आणि ओट्यावरच्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबायला बनियनवर उभे असलेले तुम्ही.

टेप मागे घेऊन ऐकते तर जिथे तिथे चीं. बोटांना टाल्कम पावडर लावली. थोडी कमी झाली. रेकॉर्डर लांब सरकवला, तर गिटारच लांब गेली. मी रडकुंडीला आले आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "कुठे आहे आवाज? मला तर काही ऐकू येत नाही. उगीच खोट काढत बसू नकोस."

"बाबा, तुम्ही नीट ऐकतच नाही!"

"बापाला खोटं ठरवतेस? एवढं छान वाजतंय ते ऐक की जरा."

मला वाटलं, तुम्ही माझी समजूत काढताय, आणि त्याचाच राग आला. मी परत वाजवायला घेतलं. या खेपेला हात खरंच चांगला बसला होता, शेवट जवळ आला होता, आणि तुमच्या मनगटावरचं ते नवं इलेक्ट्रॉनिक घड्याळ वाजलं. पीप पीप. मी हात थांबवला. "बाबा, घड्याळ!" तुम्ही भिंतीकडे पाहिलंत. "कुठलं घड्याळ?" मी तुमच्या हाताकडे बोट दाखवलं. तुम्ही मनगटाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे.

"हे वाजतं?"

"दर तासाला वाजतं, बाबा."

रजई बाजूला करून आई दारात आली होती. "मला वाटलं, तुम्हाला त्याची सवय झालीय," ती हळूच म्हणाली. तुम्ही घड्याळ काढून एका कानाला लावलंत, मग दुसऱ्या. बटणं दाबून पाहिलीत. मला प्रत्येक बटणाचा आवाज येत होता आणि तुमच्या चेहऱ्यावर काही हलत नव्हतं. मग पाटावर बसलात आणि म्हणालात, "मतलब, ऑफिसात लोक पुटपुटतात असं मी म्हणत होतो, ते पुटपुटत नव्हते." तुमचं सगळं काम समोरच्याचं ऐकून घेण्याचं होतं, आणि प्रमोशन तोंडावर आलं होतं.

दोन-तीन दिवस गेले. मग एका संध्याकाळी ऑफिसातून आलात, बूटही न काढता माझ्यासमोर स्टूल ओढलंत. "मला ऐकू येत नाही, पण दिसतं. वाजव. ती तुझी चीं आली की मान हलव." मी वाजवतेय, मान हलवतेय आणि तुम्ही पुढे वाकून माझ्या डाव्या हाताकडे बघताय. चहा गार झाला तरी तुम्ही उठला नाहीत. शेवटी म्हणालात, "अगं, तुला पुढे जायची घाई आहे. बोटं तार सोडायच्या आधीच मनगट निघतं. मग बोटं बिचारी सरपटत मागून जातात. आधी सोड, मग जा." मी म्हटलं, बोटं उचलली तर मध्ये सूर तुटेल. "मग सगळी नको उचलूस. त्या खालच्या बारीक तारेवरनं जातेस तेव्हा तू मान हलवत नाहीस. एक बोट तिथे राहू दे, त्याच्या आधाराने जा."

बारीक तारा गुळगुळीत असतात, त्यांवर वेढे नसतात. हे मला माहीत होतं, पण त्याचा उपयोग सुचला नव्हता. त्या उन्हाळ्यात मी सगळ्या जागा नव्याने बसवल्या. रोज संध्याकाळी तुम्ही समोर. माझी मान हलायच्या आधीच तुम्ही "हं, सरपटलं" म्हणायला लागलात.

कॅसेट पाठवायच्या दिवशी मी अट घातली. मला बोलावलं तर तुम्ही कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. तुम्ही हसून हो म्हणालात, बहुतेक मला बोलावणार नाहीत या भरवशावर. बोलावणं आलं. केंद्रावरच्या रेकॉर्डिस्टने दोन वेळा टेप ऐकली आणि विचारलं, "बेटा, हाथ बहुत साफ़ है, किससे सीखा?" मी म्हटलं, "पापा से." तुम्ही काचेपलीकडे उभे होतात, तुम्हाला ते कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही शब्द पाळलात. खिशात डबी आणि कानापर्यंत वायर, असं ते श्रवणयंत्र लावून ऑफिसात गेलात आणि टेबलासमोरच्या पहिल्याच माणसाला म्हणालात, "ज़रा इस तरफ़ से बोलिए भाईसाहब, उधर कम सुनाई देता है." ही हकीकत तुम्हीच घरी येऊन सांगितलीत, नक्कल करून. प्रमोशन त्या वर्षी हुकलं, पुढच्या वर्षी मिळालं. ऐकू येत नाही हे झाकून ठेवणं मात्र त्या दिवसापासून बंद झालं. मी हे ऐकण्याचं काम निवडलं ते तुमच्या त्या दिवसामुळे, रेडिओमुळे नव्हे.

तुम्ही आता नाही, त्यामुळे हे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. तरी एक गोष्ट लिहून टाकते. कार्यक्रम लागला तेव्हा तुम्ही रेडिओला कान लावून बसला होतात. त्या यंत्रातूनही फार बारीक आवाज तुमच्यापर्यंत पोचत नव्हते. वाजवणं संपलं तसे तुम्ही मांडीवर थाप मारून ओरडलात, "एक भी नहीं!" आणि पुढे कितीतरी वर्षं आल्यागेल्याला सांगत राहिलात, पोरीने वाजवलं, पण एकही चीं नाही. बाबा, एक होती. अगदी शेवटच्या सुराआधी, स्पष्ट. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे, आणि आम्ही दोघी तुमच्याबरोबर टाळ्या वाजवायला लागलो.