डासांचं तेल आणि मंगीचा पान्हा

१ सप्टें., सोम.
खालच्या आळीत दोघांना डेंगू. मला दोन्ही वेळा डेअरीला दूध घालायला सायकलवर उसातून जावं लागतं. पायडल चालू आहे तोवर डास चावत नाहीत. कॅनॉलच्या चढाला उतरून ढकलतो, तिथं टपलेले असतात. आजपासून कडुनिंबाच्या तेलात कापूर घालून हातापायाला. पायजमा मोज्यात खोचला. शेजारचा गुंडप्पा म्हणाला, "आप्पा, बोहल्यावर निघालात का?" हसू दे. एकही चावला नाही.

३ सप्टें., बुध.
मंगीनं पान्हा चोरला. कालही. धारेला बसलो की लाथ. अशी म्हैस नव्हती ती. परवा गुंडप्पा गोठ्याशी थांबून म्हणाला, "लई देखणं जनावर." असं तोंडावर कुणी बोलतं?

४, गुरु.
मंगीच्या गळ्यात दृष्टीचा काळा दोरा बांधला. दुप्पट तेल चोळूनच धारेला बसलो, म्हणजे उठून थेट सायकल. मंगी कोरडी. मुलगा बाळू म्हणतो, "आटली असंल. सोमवारी व्यापारी बोलवतो."
सात वर्षं सांभाळली. ही गेल्यावर सायकल काढून मी कुठं जायचं?

६, शनि.
माझी कंबर धरली म्हणून सूनबाई धारेला बसली. बादली भरून दूध! मलाच का नाही? गुंडप्पाचं नाही तर हिचंच काही असेल. का दोघा नवरा-बायकोचं ठरलंय, म्हातारा घरी बसावा म्हणून? विचारलंच.
"मामा, गोचिडाच्या औषधावाणी वास मारतोय तुमचा. ती जवळ घेईल व्हय?"
उलट उत्तर. पण बाटली बघितली. तीच. पावसाच्या सुरुवातीला मंगीला दाव्यानं आवळून गोचिडाला मीच हे चोळलं होतं. किती ओरडली होती.

७, रवि. संध्या.
दोनदा साबणानं अंघोळ. धुतलेला सदरा. तेल नाही.
मंगीनं हात हुंगला, एक पाऊल मागं सरली. तिरपं बघत राहिली, मी गुंडप्पाकडं बघतो तशी. बसलो. दोन धारा दिल्या, थांबली.
मानेवर डास बसला. चावला. हात उचलला नाही, ती बिचकली असती. आणखी एक धार आली.
बाळू म्हणतो, तुमच्या हाताला दूध देत नसंल तर विकायचीच. व्यापारी उद्या नऊला. त्याआधी सकाळची धार आहे.