तिता आर्सीचं डोकं ठिकाणावर आहे

मी, आर्सेनियो मालिवात बुएनदिया, वय एकाहत्तर, धंदा टीव्हीवर लोकांना हसवणे, राहणार कामुनिंग, केसोन सिटी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दाब नाही. माझ्यावर दाब टाकू शकेल अशी एकच बाई होती, ती माझी आई, आणि तिला जाऊन बरीच वर्षं झाली. मी नशापाणी केलेलं नाही. सकाळी लसूणभात आणि दोन अंडी खाल्ली, साखर तपासली. माझी आठवण शाबूत आहे आणि डोकं ठिकाणावर आहे. हे वाक्य वकीलबाई पिलार काबिगतिंग यांनी एकदाच लिहायला सांगितलं होतं, पण मी ते पुन्हा लिहितो: माझं डोकं ठिकाणावर आहे. दोनदा का लिहिलं ते पुढे कळेल.

यापूर्वी केलेलं कोणतंही मृत्युपत्र रद्द समजावं. 'दुलोग ना!' कार्यक्रमाच्या विसाव्या वाढदिवसाला मी प्रेक्षकांसमोर गंमत म्हणून एक वाचलं होतं आणि सगळी इस्टेट माझ्या केसांच्या टोपांना दिली होती. तेही रद्द.

कलम १. वारसांबद्दल

माझं लग्न झालं नाही, आईवडील हयात नाहीत. कायद्याच्या नजरेत माझं रक्ताचं माणूस एकच, माझा थोरला भाऊ तेओदुलो, माझा कुया, म्हणजे दादा. मी काही न लिहिता मेलो तर सगळं त्याचं होईल, आणि जिला मी अंगाखांद्यावर वाढवलं ती लुवालहाती, म्हणजे आमची लुवी, चौतिसाव्या वर्षी आपल्याच घराच्या पायरीवर उभी राहील. दत्तकाच्या कागदांवर तिच्या आईची सही लागत होती आणि तिची आई कुठे सापडत नव्हती. येत्या सोमवारी डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. ते पुन्हा नीट शिवतील असा मला भरवसा आहे, पण मी स्वतः शिंपी आहे, आणि कधीकधी चांगल्या हातातूनही कापड निसटतं हे मला माहीत आहे. म्हणून हा खटाटोप.

कलम २. घर

कामुनिंगचं दुमजली घर, खालच्या शिवणाच्या दुकानासह, मी लुवालहातीला देतो. पूर्ण देतो, कोणाचा हिस्सा न ठेवता.

हे घर मला एका फाटलेल्या झग्याने दिलं. १९७९ साली 'दुलोग ना!' सुरू झालं तेव्हा मी तिथे पडद्यामागे कपडे सांभाळायचो. 'पानावर बसा' अशा नावाचा दुपारचा कार्यक्रम कोण बघणार, लोक त्या वेळी जेवणार की टीव्ही बघणार, असं सगळे म्हणायचे. मालकांनी तीन महिन्यांची मुदत दिली होती. पंखा एक, कॅमेरे दोन, त्यातला एक गरम झाला की बंद पडायचा. लोकांनी ताटं उचलली आणि टीव्हीसमोर नेऊन ठेवली. संपली शंका.

मग एके दिवशी थेट प्रक्षेपणात आमच्या सूत्रसंचालिका बाई नाचता नाचता वाकल्या आणि झगा पाठीवर उभा फाटला. मी सुईदोरा घेऊन धावलो, कॅमेरा चालू आहे याचं भान कोणाला? गुडघ्यावर बसून शिवायला लागलो.

बाई दात ओठ खात पुटपुटल्या, "अरे, लवकर शिव ना!"

मी म्हणालो, "ताई, श्वास सोडा आधी. तुम्ही श्वास घेतलाय की गहाण ठेवलाय?"

स्टुडिओ हसून कोसळला. दुसऱ्या दिवशी लोक फाटकाशी विचारत होते, तो शिंपी कुठे आहे? तिसऱ्या दिवशी मला स्कर्ट घालून समोर उभं केलं, चौथ्या दिवशी नाव पडलं तिता आर्सी. अख्ख्या देशाची आत्या! मला कोणी बळजबरीने नाचवलं नाही. मला नाचायचंच होतं, फक्त कोणी वाजवत नव्हतं.

कलम ३. लुवालहाती माझी कोण

जोसेलिन नावाची आमची नर्तकी होती. पहिल्या रांगेत डावीकडून दुसरी, पाय असे उचलायची की ढोलवाला ताल विसरायचा. १९८९ साली तिला ओसाकाच्या एका क्लबात नाचायचं सहा महिन्यांचं काम मिळालं. त्या काळी आमच्या निम्म्या पोरी तिकडेच चालल्या होत्या. ती नऊ महिन्यांची लेक टोपलीत घालून कपड्यांच्या खोलीत आली.

"आर्सी, सहा महिने सांभाळशील?"

"मी? अगं, मला साधी मांजर सांभाळता येत नाही."

"तुला पिसांचे पंख न जाळता इस्त्री करता येतात. पोर त्यापेक्षा सोपं असतं."

पोर त्यापेक्षा सोपं नसतं. पण जोसेलिन विमानात बसली, दोन वर्षं खोके पाठवत राहिली, साबण, चॉकलेटं, एक बाहुली. मग खोके थांबले. ऐकलं की तिकडे तिचं लग्न झालं, मुलं झाली. मी तिला शिव्या देत नाही. जिथे तिला पाय रोवायला जमीन मिळाली तिथे तिने रोवले. ती कधी आली तर लुवीने तिला जेवू घालावं, घर देऊ नये.

लुवी मोत्यांच्या डब्यात हात घालत रांगली आणि प्रेक्षकांच्या टाळ्यांत झोपायला शिकली. घरी शांतता असली की रडायची. मला नानाय म्हणायची. आई म्हणून हाक मारणारं जगात दुसरं कोणी मला मिळणार नव्हतं, मग मीही नको म्हटलं नाही. आज ती दुकान चालवते, देशातल्या निम्म्या नवऱ्या तिच्या हातचे पोशाख घालतात आणि माझी इन्सुलिनची सुईही तीच टोचते. यापेक्षा लेक वेगळी असते ती कशी, हे ज्याला माहीत असेल त्याने कोर्टात येऊन सांगावं.

कलम ४. पोशाख

माझे सर्व झगे, टोप, पंख आणि टाचेचे बूट 'दुलोग ना!'च्या कपडेखान्याला द्यावेत. मात्र काचेच्या कपाटात ठेवू नयेत, वापरावेत. हे कपडे घालून मी तीन वाहिन्या आणि पाच मालक बदलताना पाहिले. १९८६ साली हुकूमशहाची राजवट पडली त्या फेब्रुवारीत सगळे रस्त्यावर होते, कार्यक्रम बंद होता. पाचव्या दिवशी परत लागलो तेव्हा पहिल्या गाण्याला प्रेक्षकही रडले आणि आम्हीही. २००९ च्या पुराच्या शनिवारी पाणी फाटकापर्यंत आलं, प्रक्षेपण तुटलं, आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या बायका स्टुडिओत अडकल्या. मी म्हटलं, कॅमेरा नसला म्हणून काय झालं? उजाडेपर्यंत आम्ही त्यांच्यासाठीच कार्यक्रम केला. माझ्या मते तो आमचा सर्वोत्तम भाग, आणि तो कोणाकडेच नाही. साथीच्या वर्षी खुर्च्यांवर माणसांऐवजी पुठ्ठ्याचे फोटो लावले. त्यांनाही मी विनोद सांगितले. पुठ्ठा कमी हसतो, एवढंच.

कलम ५. जुनी उसनवारी

आमचे पहिले मुख्य सूत्रसंचालक, जे माझ्या विनोदांवर निवडून आले आणि निवडून आल्यावर माझा फोन उचलेनासे झाले, त्यांना मी माझा सर्वांत जुना टोप देतो. त्यांना आता गरज आहे.

गाण्याच्या स्पर्धेत बेसूर गाणाऱ्याला थांबवण्यासाठी आम्ही काशाची थाळी बडवायचो. ती बडवण्याचं काम माझ्याकडे होतं. ज्यांना मी मध्येच थांबवलं त्यांच्यापैकी कोणाचीही मी माफी मागत नाही. त्यांतल्या एकीने मला बाजारात गाठून विचारलं, "तिता, माझं गाणं इतकं वाईट होतं?" मी म्हटलं, "बाळा, त्याहून वाईट होतं, पण तुझी पापड्या तळण्याची हातोटी पाहिली. गाडी टाक." तिची आज चार दुकानं आहेत आणि दर नाताळला मला डबा येतो. हा डबा पुढे लुवीकडे पाठवावा.

कलम ६. माझा भाऊ

अतिमोनानची नारळाची वाडी, जी वडिलांची होती, जी कुया तेओदुलोने कोंबड्यांच्या झुंजीवर घालवली आणि जी मी घागरे घालून सोडवून आणली, ती मी कुया तेओदुलोलाच देतो. त्याची झाडं, त्याची माती. अट एक: लुवीच्या घराविरुद्ध त्याने कोर्टात पाऊल टाकलं तर वाडीही लुवीची.

ही अट घालावी लागते, कारण गेल्या महिन्यात त्याने फोनवर मला स्पष्ट सांगितलं.

"कोर्टात सांगेन, माझा भाऊ वेडा आहे. एवढी वर्षं बायकी कपड्यांत जगासमोर नाचणारा शहाणा असतो का?"

"कुया, जग बघत होतं. मग वेडं कोण?"

"आणि ती पोर कोणाची कोण. बुएनदियांचं घर तिला जाणार?"

म्हणून मी वर दोनदा लिहिलं, आता तिसऱ्यांदा लिहितो. ज्या माणसाने चाळीसहून अधिक वर्षं दुपारी बाराच्या ठोक्याला, ताप असो, पूर असो, प्रेम मोडलेलं असो, हसत दार उघडलं, त्याचं डोकं ठिकाणावर आहे. मला मी तरुण असताना घरातून काढलं, तेव्हा दार लावणारा हाच भाऊ होता. त्याचा राग मला अजून आहे आणि वाडीही मी त्यालाच देतो. दोन्ही एकाच डोक्यात मावतात, आणि यालाच मी शहाणपण म्हणतो.

कलम ७. लामाय, म्हणजे मयताचं जागरण

माझं शव सात दिवस घरात ठेवावं. पत्ते खेळावेत, गाणी लावावीत, कोणी उपाशी जाऊ नये. कार्यक्रमवाले कॅमेरे घेऊन येतील, येऊ द्यावेत. मात्र लुवीच्या चेहऱ्यावर कॅमेरा जवळ नेऊ नये. गरिबांच्या दारात जाऊन, हळू संगीत सोडून, माणूस कधी रडेल याची वाट बघण्याचं कसब मला पुरेपूर येतं. माझ्या लेकीवर ते कोणी चालवू नये.

कलम ८. आज सकाळी वाढवलेलं

कायद्याला तीन साक्षीदार लागतात. तिसरे आमचे जुने ढोलवाले रुबेन येणार होते. सकाळी त्यांची करोनाची तपासणी पॉझिटिव्ह निघाली. वकीलबाई म्हणाल्या, "तिसरा माणूस नाही तर आज सही नाही." आज शनिवार. सोमवारी शस्त्रक्रिया.

आणि त्याच वेळी दारात कुया तेओदुलो. सत्त्याहत्तर वर्षांचा, रात्रभर बसमध्ये बसलेला, हातात सुक्या मासळीची पिशवी आणि तोंडात भांडण.

लुवी म्हणाली, "काका, आधी बसा. पाय किती सुजलेत तुमचे."

"मला काका म्हणू नकोस."

"बरं. बूट काढा."

त्याने बूट काढले. तिने घंगाळात कोमट मिठाचं पाणी आणलं, त्याचे पाय त्यात सोडले, साखर तपासली आणि आकडा बघून त्यालाच झापलं, "आणि ह्या साखरेवर तुम्ही रात्रभर बसमध्ये? तुम्हा दोघा भावांना काही अक्कल आहे का?"

कुयाने माझ्याकडे पाहिलं. "हिला इतकं बोलायला कोणी शिकवलं?"

"मी."

तो पाण्यात पाय ठेवून हे मृत्युपत्र पहिल्यापासून वाचत बसला. ओठ हलवत, सावकाश. सहाव्या कलमाशी थांबला.

"तुला मी काढलं नाही. बापाने काढलं. मी नुसतं दार लावलं."

"तेच लिहिलंय."

"हं." त्याने घंगाळातले पाय हलवले. मग म्हणाला, "दार लावून मी मागे उभा होतो. तू कधी जातोस ते ऐकत होतो. तू बराच वेळ गेला नाहीस."

मला हे माहीत नव्हतं. हे मी इथे नमूद करतो.

त्याने वकीलबाईंना विचारलं, "तिसरा माणूस मी चालेन का?"

बाई म्हणाल्या, "चालाल. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तुम्ही सही केलीत की अतिमोनानची वाडी तुमच्या हातून गेली. आणि हा माणूस शुद्धीत आहे असं लिहून दिल्यावर उद्या कोर्टात वेडा म्हणता येणार नाही. नीट विचार करा."

"वाडी कोणाला जाईल?"

"लुवालहातीला."

लुवी म्हणाली, "नको. काका, सही करू नका. आपण बघू काहीतरी."

कुया ओले पाय पुसत म्हणाला, "बघू काय? ह्याची छाती सोमवारी फाडणार आहेत. पेन आणा." आणि मग माझ्याकडे न बघता, "वाडी काय उठून चालत जाते? घरातच राहिली."

तेव्हा सहावं कलम रद्द, आणि अतिमोनानची वाडीही लुवालहातीची. कुया हयात असेपर्यंत तिथले नारळ त्याने उतरवावेत; ही देणगी नाही, काम आहे. हे मी त्याच्यासमोर लिहिलं आणि तो "बरं बरं" म्हणाला.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम वकीलबाई काबिगतिंग यांच्याकडे सोपवतो. सर्व पानांवर मी सह्या केल्या, साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर केल्या.

कामुनिंग, केसोन सिटी. शनिवार, २० ऑगस्ट २०२२.

(सही) आर्सेनियो मालिवात बुएनदिया

साक्षीदार. मृत्युपत्र करणारा शुद्धीत आहे, आणि आमचा लाभार्थींशी संबंध काय, ते प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहावं:

१. फेलिसिदाद ओकाम्पो, शेजारीण. शुद्धीत आहे. संबंध नाही.

२. निकानोर तुपास, 'दुलोग ना!'चे निवृत्त प्रकाशयोजनाकार. शुद्धीत आहे. संबंध नाही.

३. तेओदुलो मालिवात बुएनदिया, शेतकरी, अतिमोनान. हट्टी आहे, वेडा नाही. मी मुलीचा काका.