मागच्या खड्ड्यातली माती

११ एप्रिल
कासारसाईच्या कलासंग्रहालयात आज मार्गदर्शक म्हणून रुजू झाले. जवळच्या नेरे गावात खोलीही मिळाली, आणि घरमालकीण रंभाबाईंनी पहिल्याच दिवशी पिठलं-भाकरी पाठवली! जागा देखणी आहे. धरणाकडे तोंड करून तीन दालनं, मागे मोकळा माळ. उन्हाळी प्रदर्शन मातीच्या मुखवट्यांचं. सकाळी दोन फेऱ्या घ्यायच्या, आणि रविवारी आईवडील-मुलांची मातीकामाची कार्यशाळा. संचालक निषाद सर म्हणाले, माती विकत आणू नका, मागच्या खड्ड्यातली लोण्यासारखी आहे. कधी एकदा रविवार येतोय असं झालंय.

१३ एप्रिल
तीस मुलं आली, बहुतेक हिंजवडीची. माती मीच मळली. आवडत्या माणसाचा चेहरा करा म्हटलं. कुणी आजी करायला घेतली, कुणी बाबा, एकीने मांजर. शेवटी सगळं ओळीनं मांडलं, तर तीसही चेहरे एकाच म्हाताऱ्याचे. बसके गाल, फाटका ओठ, उघडं तोंड. मांजरसुद्धा. पालक हसून म्हणाले, ताई, साचा छान दिलात. मी साचा दिला नव्हता. वीसेक चेहरे मुलांनी घरी नेले.

१४ एप्रिल
झाडलोटीची सोनी उरलेले चेहरे बघून दारातच थांबली. "ह्यो माझा बा हाय," म्हणाली. तिचा बाप बहिरू दोन वर्षांपूर्वी वारला. त्यांच्यात पुरतात. मागचा माळ म्हणजे तिच्या वाडीची पुरायची जागा. जमीन विकली गेली तेव्हा वाडीला कुणी विचारलं नाही. आता काय करू, मी विचारलं. ती माझ्या हातांकडे बघत म्हणाली, "जितकी काडली तितकी परत टाका. समदी."

१५ एप्रिल
सरांना सांगितलं. ते म्हणाले, महिनाअखेरपर्यंत कार्यशाळेच्या सगळ्या जागा भरल्यात, भलतं बोलू नका. मग विचारलं, नोकरी नवीन आहे ना तुमची? मी मान डोलावली. रविवारी पुन्हा मळणार आहे. तीच माती.

२० एप्रिल
मळताना मातीनं बोटं धरून ठेवली. दोनदा ओढून सोडवावी लागली.
सात वर्षांची एक मुलगी चेहरा करता करता माती खाऊ लागली. आईनं तोंडात बोट घालून काढली. मुलीनं खाल्ली होती त्याहून कितीतरी जास्त निघाली. काढत राहिली तरी येतच होती. मातीत काय आहे, असं आई माझ्यावर ओरडली. काही नाही, साधी माती आहे, असं मी म्हणाले.
खोटं बोलले.

२१ एप्रिल
मुलगी दवाखान्यात आहे. उरलेले चेहरे, पिंपातली माती, टेबलावरची खरवड, सगळं खड्ड्यात नेऊन टाकलं. सोनी काठावर उभी होती. खड्डा भरला नाही. लोकांनी घरी नेलेलं कसं आणू, मी रडत विचारलं.
"न्हाई आणता यायचं," ती म्हणाली. "मळलंस तू. कमी पडंल ती माती तुज्यातनं काडील बा."
आणि पाठ फिरवून गेली.

२३ एप्रिल
पालकांना फोन केले. कुणी चेहरा कचऱ्यात टाकलाय, कुणी फोडून कुंडीत घातलाय. दोघांनी फोन आपटला.
रंभाबाई म्हणाल्या, अंथरुणात लई माती हाय, पाय धुऊन झोपत जा. मी पाय धुतले होते.

२४ एप्रिल
गावी जायला बसमध्ये बसले. शेजारची बाई किंचाळून उठली. माझ्या मांडीवरून, मनगटातून माती गळत होती— सीटवर ढीग. कंडक्टरनं उतरवलं.

२५ एप्रिल
डाव्या हाताची नखं निघाली. रक्त नाही. आत कोरडी तांबडी—
रंभाबाई आत येत नाहीत. बाहेरून कडी घातलीय.

२६ एप्रिल
सर खिडकीपर्यंत आले. म्हणाले उद्याची कार्यशाळा होणार— नवी मुलगी घेतलीय— तिला मातीचं सांगा, असं ओरडायला गेले. आवाज फुटला नाही— धूळ—

२७ एप्रिल
कडी वाजली. सोनी. हातात घमेलं. गुडघे टेकून माझी माती भरतेय— माझ्याकडे न बघता—
अजून कमी पडतंय म्हणाली.
पेन धरायला दोनच बोटं— तीही ती माग—