साईं, माझ्या मुलीला देश उरला नाही

साईं, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या तुमच्या टायपिंगच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. गेले दोन महिने मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलते आहे, कारण मला कसली भीती वाटते ते इथे कुणाला समजावून सांगता येत नाही. आज तेच पत्रात लिहिते आहे.

एकोणीस वर्षांची होते. अंबरनाथहून तुमच्या दुकानात यायचे आणि दिवसभर लोकांचे अर्ज टाइप करायचे. एकदा सिंधमधून उशिरा आलेल्या एका म्हातारीचा अर्ज करताना ‘नागरिकत्व’ या रकान्यात मी सवयीने ‘भारतीय’ ठोकलं. तुम्ही कागद मशीनमधून ओढूनच काढलात. "बेटा, ये क्या किया? तेच तर ती मागायला आली आहे!" मी रडकुंडीला आले. मग तुम्ही चहा मागवलात आणि सांगितलंत, की फाळणीनंतर, आठ वर्षांचे असताना तुम्ही इथल्या निर्वासितांच्या बराकीत आलात, आणि तुमच्या बाबांच्या हातात नागरिकत्वाचा कागद पडेपर्यंत रस्त्यात पोलीस दिसला की आई तुम्हाला पदराआड ओढायची. "पोलीस काही करायचा नाही. फिर भी. घर गेलं तर माणूस दुसरं बांधतो. पण तू कुठला, असं विचारल्यावर सांगायलाच काही नसलं तर काय करणार?" मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

माझी मुलगी नर्स आहे. बारा वर्षांपूर्वी परदेशी गेली, पुढे तिथली नागरिक झाली. दोन्हीकडचं नागरिकत्व ठेवता येत नाही, म्हणून इथलं सोडायचा फॉर्म भरायचा होता. ती फोनवरून सांगत होती आणि चिखलोलीच्या या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मी तो भरत होते. एकही खाडाखोड नाही. बिल्डिंगमध्ये पेढे वाटले मी, साईं.

मागच्या वर्षी ती रजा घेऊन एका युद्धाच्या सीमेवर, मदतसंस्थेच्या दवाखान्यात काम करायला गेली. दोन महिन्यांपूर्वी, ती जिथली नागरिक झाली होती त्या देशाच्या सरकारचं तिला पत्र आलं. त्या संस्थेमागे दहशतवादी आहेत, तुम्ही त्यांना मदत केलीत, तुमच्यापासून देशाला धोका आहे, म्हणून तुमचं नागरिकत्व रद्द. पुरावा काय, तर तो गुप्त. मी मेथी निवडत बसले होते तेव्हा तिचा फोन आला.

"आई, मला परत जाता येत नाही. कुठेच."

"मग इथे ये."

"कशावर येऊ? पासपोर्ट रद्द झाला, आणि परदेशी झालेल्यांना भारत देतो ते कार्ड त्याच पासपोर्टवर होतं. आणि हे सरकार लिहितं, की मला पुन्हा भारताची होता येईल, म्हणजे मी काही बिनदेशाची झाले नाही."

"होता येईल?"

"अर्ज करता येईल, आई. मिळेल असं कोण म्हणतंय!"

तिच्याबरोबर त्याच दवाखान्यात तिच्या त्या नव्या देशातलीच एक मुलगी होती. तिची चौकशी केली आणि घरी सोडलं. "ती तिथे जन्मली. तिला काढून कुठे टाकणार?" माझी मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यानेच मी जास्त घाबरले. साईं, बॉम्ब फोडणाऱ्यांची भीती मलाही वाटते. तिने काही केलं असेल तर कोर्टात उभी करा, पुरावा तोंडावर दाखवा, शिक्षा द्या. शिक्षा भोगून माणूस घरी तरी येतो. हिला आधी घराबाहेर काढलं, आणि आता म्हणतात, हवं तर बाहेरूनच दाद माग.

परवा साध्या वेशातला एक पोलीस आला. "ताई, मुलगी कुठे असते सध्या?" "परदेशी असते," म्हणत मी पाणी पुढे केलं आणि दार लोटून घेतलं. "घाबरू नका, रुटीन आहे," म्हणाला. तेव्हापासून जिन्यात पावलं वाजली की मी गॅस बंद करून उभी राहते. समोरच्या बाईंनी विचारलं तर सांगते, मुलगी मजेत आहे.

अपील दाखल झालंय. निकालाला वर्षं लागतील असं तिची वकीलबाई म्हणते. तोवर मुलगी तिसऱ्याच एका देशात ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे राहते आणि दर महिन्याला तिथे राहायची परवानगी वाढवून घ्यायला रांगेत उभी राहते. ती इथे जन्मली, इथे शिकली, याचं अ‍ॅफिडेव्हिट मी स्वतः टाइप करून पाठवलं. हे पत्र मात्र कुठे टाकणार? इथेच राहील, कपाटात.

एक गोष्ट मुलीला सांगितलेली नाही. काल ती म्हणाली, भारत कदाचित तिला येऊ देईल, तशी खटपट चालली आहे. मग हळूच विचारलं, "आई, आले तर चालेल ना?" साईं, माझ्या तोंडून लगेच ‘ये’ निघालं नाही. तो माणूस पुन्हा दारात, बिल्डिंगमधल्यांच्या नजरा, पेपरात फोटो, हे सगळं आधी डोळ्यांसमोर आलं. एवढा वेळ गेला, की तीच म्हणाली, "हॅलो? नेटवर्क गेलं वाटतं."

"हो गं," मी म्हणाले. "नेटवर्कच."