पाणतीर म्हणजे काठ

बाबा, आज रामदासपेठेतल्या कानाच्या डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला आणि मला तुमचा इतका राग आला, की घरी येऊन चप्पल काढायच्या आधी लिहायला बसले. तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली, पण माझा डावा कान अजून तुमच्याच ताब्यात आहे.

मी लहान असतानाचं, नंदनवन वस्तीतलं आपलं स्वयंपाकघर. समुद्र जन्मात न पाहिलेले तुम्ही शाळेत इतिहास शिकवायचात, आणि घरी एका जुन्या इटालियन लढाऊ जहाजाचं वेड. त्याचं चित्र ओट्यावरच्या भिंतीला. आई भाकरी थापतेय. तुम्ही मला विचारता, "हे कोणतं जहाज?" मी पाठ केलेलं म्हणते, "पाणतीर जहाज." "पाणतीर म्हणजे काय?" पाण्याखालून शत्रूवर सोडायचा टॉर्पेडो, हे मला कुणी सांगितलेलंच नव्हतं. तीर म्हणजे काठ, एवढं ठाऊक. म्हटलं, "पाण्याचा काठ. ते काठाकाठानं जाते."

"काहून वं, काठावर धुणं धुवाले जाते काय जहाज?" तुम्ही हसता. मला वाटतं, सुटले. मीही हसते. तेवढ्यात तुमचा हात येतो. माझं डोकं ओट्यावर आदळलं, कानातलं रक्त परातीतल्या पिठात पडलं. आई किंचाळली, "मारून टाकता काय पोरीले?" मग तुम्ही तिच्याकडे वळलात. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली तरी तुमचा हात थांबला नव्हता.

परवा त्या जहाजाची सगळी हकीकत वाचून काढली, निव्वळ तुमच्याशी भांडायला. पाणतीर सोडायला बांधलेलं जहाज, पण बहुतेक आयुष्य कवायतीत गेलं. पुढे त्याला समुद्रात सुरुंग पेरायला लावलं. लढाई लागली तेव्हा ते आफ्रिकेच्या किनाऱ्याशी उभं राहून जमिनीवर तोफा डागत होतं. काठावरच होतं, बाबा! आणि शेवटी एका पाणबुडीनं त्याच्यावरच पाणतीर सोडून ते बुडवलं. वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले, थेट तुमच्यासारखी, आणि मग मला माझीच भीती वाटली.

हे तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि असती तरी माझा धीर झाला नसता. डॉक्टरांनी विचारलं होतं, "लहानपणी कानाला काही लागलं होतं का?" तुम्ही अगदी माझ्या ओठांवर आला होतात. मी म्हटलं, "पडले होते, डॉक्टर. पाण्याच्या काठावर पाय घसरला."