चार तारखेचं पाणी

३ सप्टेंबर
परळीला गेलो, विकायची टिपाडं घ्यायला, पाण्याची मोठी पिंपं. दहा होती. एकेक वाजवून घेतलं. देणारा म्हणतो, "बप्पा, टिपाड घेताय का ढोलकी?" म्हणलं, ढोलकी फुटली तर लग्न थांबत नाही, टिपाड गळालं तर घर थांबतं. नऊ चांगली निघाली. दहाव्याच्या बुडाला चीर. डोळ्याला दिसत नाही, पण बोट मारलं की बोलते. परत दिलं.
कमलला आज चौथ्या दिवशी बी ताप. डोळ्यांच्या मागं दुखतं म्हणते. बीडला दाखवू म्हणलं, तर म्हणे, "उद्या नळ हाय. पाणी भरते, मग जाऊ. न्हाईतर आठ दिवस काय तुमच्या टिपाडात वारा भरू?"
हसलो.

४ सप्टें.
सकाळी ताप उतरला. अंग गार. बरं वाटलं.
पाचला नळ आला. मी अंथरुणातच. क. घागर घेऊन नळापासून न्हाणीपर्यंत एका दमात जाते, लग्न झाल्यापासून तीस वर्षं तोच आवाज. आज मधी दोनदा टेकवली. ऐकलं. ताप उतरलाय म्हणून उठलो नाही.
सगळं भरलं तिनं. न्हाणीतलं निळं टिपाड काठोकाठ, वर हिरव्या लुगड्याचा फडका, सुतळीनं करकचून.
दुपारनंतर पोट दुखतंय, दोन उलट्या. उद्या पहाटेच बीड.

७ सप्टें.
क. गेली. बीडच्या दवाखान्यात, सकाळी.
डेंग्यू. डॉक्टर तरणा पोरगा, बोलायला चांगला. म्हणाला, "काका, ताप उतरतो ना, तेच दिवस जपायचे असतात. एक दिवस आधी आणलं असतं तर..."

२० सप्टें.
तेरावा काल झाला. पाहुणे गेले. लेक मंगल तेलगावला निघाली, लेकरांची शाळा. जाताना म्हणे, "आण्णा, टिपाडं घासून टाकते." बाकीची घासली. निळ्याला हात लावला तर ओरडलो. पोरगी बघतच राहिली. मग तिला कळलं. फडक्यावरनं हात फिरवून गेली.
त्यातलं पाणी कुणी काढायचं नाही. एवढ्या पाण्यासाठी एक दिवस थांबली ती.
बोटानं वाजवलं. पाणी लागतं तिथं आवाज बसतो. काठापासून चार बोटं खाली. पाहुण्यांपैकी कुणीतरी काढलेलं दिसतं.

२३ सप्टें.
दवाखान्याच्या आशा सेविका शोभाताई आल्या. गल्लीतलं घर न् घर तपासतात, बॅटरी लावून. आज कोरडा दिवस, सगळी भांडी उपडी करायची. माझ्या वाड्यात विकायची टिपाडं तोंड वर करून ठेवलेली. दोघांत पावसाचं पाणी, अळ्या. त्यांनी ओतून दिलं. मी खाली बघून उभा.
हीच चूक. दुसऱ्याला वापरायला देतो ते टिपाड स्वतःच्या दारात उपडं ठेवायचं सुचलं नाही. क. इथंच धुणं वाळत घालायची.
"बप्पा, घरातलं बघू का?"
"घरात एकटा माणूस, ताई. एक माठ हाय. काल घासला."
माझ्यावर विश्वास त्यांचा. दारावर खडूनं तारीख लिहून गेल्या. धंद्यात एवढ्या सफाईनं कधी खोटं बोललो नव्हतो.

२५ सप्टें.
फडका सोडला. एका बाजूनं सुतळी ढिली होती. ज्यानं पाणी काढलं त्यानं परत नीट बांधली नाही. तिची गाठ नव्हती ती.
आत अळ्या. डोकं खाली, शेपूट वर, हात पुढं केला की सगळ्या बुडाला जातात.
धोतरानं गाळलं. तीनदा. पाणी तेच ठेवलं. फडका बांधला, तिच्यासारखी गाठ येत नाही.

२८ सप्टें.
नळ. शेजारच्या दत्ता गवळ्याची रेणू आली, दहावीला आहे. पाणी भरून देते म्हणाली. "मावशी असत्या तर मला नळाला हात लावू दिला नसता. म्हणायच्या, तू अर्धं सांडतीस." खरंच सांडते. अंगण ओलं करून ठेवलं.
"हे निळं भरू का बप्पा? वरून कमी झालंय."
"नको."
"का?"
"नको म्हणलं ना बे." पोरीला बे म्हणालो. ती हसली. बराच वेळ न्हाणीत घागरी आपटत होती.

३० सप्टें.
दुपारी फडक्याखाली बारीक आवाज. माझे कान. टिपाडाला कान लावला. आहे.
सोडलं तर दोन-तीन उडाले, भिंतीवर बसले. पायावर पांढरे पट्टे. हाताखाली आले नाहीत.
ओतायला हवं होतं. टिपाड तिरकं केलं, परत सरळ केलं.

२ ऑक्टो.
रेणू रोज सकाळी मोठ्यानं वाचते, भिंतीतनं ऐकू येतं. इतिहास पाठ झाला मला. आज आवाज नाही. नऊपर्यंत वाट बघून गेलो.
पडून होती. "डोळं दुखायलेत बप्पा." कुठं, विचारलं. "मागं."
दत्ता म्हणतो, "व्हायरल आसंल. गोळी दिलीय. परवा म्हशी गाभण हायेत का ते दाखवायचंय, मंग बघू."
म्हणलं, "टेम्पो काढतो. आत्ता."
"आवो, धारा..."
"धारा तुझी बायको काढील. उठ."
माझ्या तोंडाकडं बघून उठला.

३ ऑक्टो.
बीडहून परत. रक्त तपासलं, डेंग्यूच. ठेवून घेतलंय. तोच डॉक्टर. मला ओळखलं त्यानं.
दत्ता बाहेर पायरीवर. "आमच्याकडं तर हौद बी नाही बप्पा. कुठं चावला आसंल?"
मी चहा आणायला गेलो.

४ ऑक्टो.
शोभाताईंना बोलावून खरं सांगितलं. न्हाणीत नेलं. फडका सोडला, बॅटरी मारली, बघत राहिल्या. परत अळ्या.
"गाळलं होतं की, ताई."
"गाळून काय व्हतंय. अंडी टिपाडाच्या अंगाला चिकटून ऱ्हातेत. घासल्याशिवाय जात न्हाईत." मग म्हणाल्या, "खोटं कावून बोललात बप्पा?"
सांगितलं. चार तारीख, नळ, घागर दोनदा टेकवली ते सगळं. त्या न्हाणीच्या उंबऱ्यावर बसल्या.
विचारलं, रेणूला ह्यातलाच...
"कोणता डास कुणाला चावला हे देवाला बी सांगता यायचं न्हाई." टिपाडाकडं हात करून, "पण ओता. मी ओतू का?"
म्हणलं, मी ओततो.
एकदम उलटं करता येईना. तांब्यानं काढलं. गटारीत नाही, लिंबोणीच्या आळ्यात, अंगणात कोरड्या मातीवर. एवढं पाणी तिनं घागरीनं आणलं होतं, किती खेपा झाल्या असतील ते आज कळलं. माझी कंबर गेली. बुडाशी थोडी राख, परळीच्या वीजकेंद्राची, वाऱ्यानं आलेली. नारळाच्या काथ्यानं घासलं, कड, बूड, सगळं. उपडं ठेवलं.
शोभाताई शेवटपर्यंत बसून होत्या. जाताना फडका धुऊन दोरीवर टाकला.
वाजवून बघितलं. रिकाम्याचा आवाज मला काय नवीन. वीस वर्षं तोच विकला.

५ ऑक्टो.
सगळ्या टिपाडांना झाकणं करायला घेतली. वरचा कापलेला भाग मीच फेकून देत होतो, बायकांना घागर बुडवायला बरं पडतं म्हणून. तेच तुकडे धुंडाळले. गल्लीत देऊन आलो. लोकं म्हणतात, बप्पा दुःखात हाय, घ्या.
दत्ताला सांगायचं आहे. फोन हातात घेऊन ठेवला. पोरीपाशी बसलाय, आता कसं सांगू. नंतर तरी कसं.

६ ऑक्टो.
नळ. दत्ताच्या घरी कुणी नाही, बायको बी दवाखान्यात. म्हशींना पाणी, दोन्ही घरचं भरलं. मधी चारदा टेकवली.
निळं उपडंच आहे.
आत्ता दत्ताचा फोन. आवाज मोकळा. "बप्पा, उतरला ताप. अंग गार पडलं. आज सोडतेन का वो?"
म्हणलं, "डॉक्टर म्हणतील तवाच. आज न्हाई. उद्या बी न्हाई. तिच्याजवळनं हलू नको."
"बरं हाय की आता."
"दत्ता, हलू नको."
मागं रेणूचा आवाज आला, पाणी मागत होती. आवाज कसा होता? बारीक होता, पण होता. फोन कानाला लावूनच बसलो, दत्तानं ठेवला तरी.
टेम्पोत डिझेल आहे. निघतो.